चॉकलेट कुठल्या गावचे?

आमच्या राळेगाव तालुक्यात 'चॉकलेट' या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. कागदात गुंडाळलेली, तोंडात टाकली की गोड लागणारी आणि रुपया-दोन रुपयांत मिळणारी कोणतीही वस्तू म्हणजे चॉकलेट. मग ती संत्र्याच्या चवीची गोळी असो, पानाच्या चवीची असो की कच्च्या कैरीची. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या कारखान्यातून निघालेल्या 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' या गोळ्या म्हणजे आमच्या आधीच्या पिढीची चॉकलेटेच होत. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या साखर कारखान्याची ती गोड पोरे. २०२४ साली ही नावे रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली, हे वाचून मला उगाचच चुकल्यासारखे झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत वाढदिवसाला आम्ही जी चॉकलेटे वाटली ती सारी याच गोतातली. त्यांत कोकोचा कणही नव्हता, आणि आम्हाला त्याची खंतही नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे की, यंदा शिक्षकदिनाला आमच्या वर्गात मोठा वाद माजला. सर-मॅडमना पेढे द्यायचे की चॉकलेटचा डबा? एक पक्ष म्हणाला, पेढे म्हणजे निव्वळ गावठीपणा, शहरात आता कोण पेढे वाटतो? दुसरा पक्ष संस्कृतीचा कैवार घेऊन उठला. चॉकलेट म्हणजे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, वगैरे वगैरे. शेवटी वर्गणीच कमी पडली आणि गुलाबाच्या फुलांवर भागले, ही गोष्ट वेगळी. पण तो वाद माझ्या डोक्यातून काही गेला नाही.

माझ्या मते दोन्ही पक्षांनी प्रश्नच चुकीचा विचारला. परदेशातून आले म्हणून परके, असे म्हणायचे तर मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. ठेचा खाताना कोणाला अंधानुकरण आठवते का? फार काय, आपल्या शेतात आज जो कापूस उभा असतो त्याची जातही मूळची अमेरिकेकडचीच. तेव्हा तो मुद्दा सोडून द्यावा. आणि शहरात खातात म्हणून श्रेष्ठ, हे म्हणणे तर उत्तर देण्याच्याही लायकीचे नाही. विचारायला हवा तो प्रश्न असा: हा पदार्थ कोणाच्या शेतातून आला, आणि विकणारा ते सांगतो का? नाव घेण्यासारखी जी चार-सहा मिठाईची आणि चॉकलेटची दुकाने मी आजवर पाहिली, त्यांना मी हीच फूटपट्टी लावून पाहिली. पट्टी माझी आहे, तेव्हा कोणाला ती वाकडी वाटल्यास त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे.

माझे मामा नागपूरला ऑटो चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस त्यांच्याकडे राहिले, तेव्हा मामांनी भाडे नसेल त्या वेळात मला दुकाने दाखवली. नागपूरची मिठाई म्हटली की हल्दीरामचे नाव आधी येते. हे अग्रवाल घराणे मूळचे बिकानेरचे. त्यांची एक शाखा नागपूरला आली आणि खव्यात संत्रे घातलेली बर्फी या शहराची ओळख होऊन बसली. आपल्या अंगणातल्या फळाची मिठाई बाहेरून आलेल्या माणसाने नावारूपाला आणावी, यात मला कमीपणा वाटत नाही. उलट त्यांचे कौतुकच करायला हवे. आपण मात्र इतकी वर्षे संत्रे सोलून मीठ लावून खाण्यापलीकडे गेलो नाही, हेही कबूल करू या. चांगल्या संत्रा बर्फीची खूण अशी की गोडाच्या मागून किंचित आंबटपणा येतो आणि अगदी शेवटी सालीचा पुसट कडवटपणा जिभेवर राहतो. दुसऱ्या एका दुकानात (नाव घेत नाही) हीच बर्फी घेतली, तर ती नुसती केशरी होती. चव मात्र आमच्या शाळेतल्या त्या रुपयाच्या गोळीची!

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे फळ याच मातीचे, असे सरकारनेच मान्य केले. परंतु मी जेवढे डबे उलटसुलट करून पाहिले त्यांतल्या एकावरही काटोल, वरुड, मोर्शी यांपैकी कुठल्या गावाचे नाव नव्हते. संत्र्याचे चित्र तेवढे होते. चित्रातल्या संत्र्याला दोन हिरवी पाने असतात. ते झाड कोणी लावले, आंबिया बहाराची फळगळ कोणी सोसली, हे डब्याला ठाऊक नसते.

आता चॉकलेटचे दुकान. काचेचे दार, आत गारवा, मंद दिवे, आणि दागिन्यांसारखी मांडलेली एकेक वडी. दारातूनच परत फिरावे असे वाटत होते. पण मामा म्हणाले, "जा ना वं आत, पाह्याचे पैसे नाही लागत." आत गेले. काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी उभी होती. ती हिंदीत बोलत होती. मी मराठीत विचारले, "हा कोको कुठला आहे?" ती म्हणाली, "बेल्जियमचा." भूगोलाच्या पुस्तकाने मला एवढे शिकवले आहे की कोकोचे झाड विषुववृत्ताच्या आसपासच्या उष्ण, दमट प्रदेशात वाढते. बेल्जियममध्ये थंडीच्या दिवसांत बर्फ पडतो. तिथे कोको दळला जातो, पिकत नाही. म्हणजे यवतमाळच्या कापसाचे कापड सुरतेत विणून आले तर त्याला 'सुरतेचा कापूस' म्हणण्यापैकीच हा प्रकार झाला. त्या बिचारीला दोष देण्यात अर्थ नाही, तिला जे सांगितले असेल तेच ती सांगणार. नंतर तीही मराठीत बोलू लागली. पूर्ण वडी तिने कधी खाल्ली नव्हती, तुटलेले तुकडे तेवढे चाखायला मिळतात म्हणाली. मी ३५० रुपयांची एक वडी घेतली. ते पैसे शिष्यवृत्तीतले होते, आणि घरी जाईपर्यंत जीव खालीवर होत होता.

त्या गारव्याविषयी मात्र मला एक न्यायाचे बोलले पाहिजे. आधी मला तो निव्वळ थाट वाटला होता. पण खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्याच बीमधून निघणारी चरबी असते, तिला कोकोचे लोणी म्हणतात. ते साधारण ३४ अंशांच्या सुमाराला वितळते, म्हणजे माणसाच्या तोंडातल्या उष्णतेपेक्षा थोडे कमीच. जिभेवर ठेवताच चॉकलेट विरघळते ते याच कारणाने. आता सांगा, मे महिन्यात ज्या राळेगावात पारा ४५ अंशांवर जातो, तिथल्या पत्र्याच्या दुकानात हा पदार्थ टिकणार कसा? आमच्याकडे साखरेच्या गोळ्यांना चॉकलेट म्हणतात ते अडाणीपणामुळे नव्हे, उन्हामुळे! ज्या दुकानदाराकडे फ्रीज आहे तोच दहा रुपयांची कॅडबरी ठेवतो, आणि लाइन गेली की तिचा आकार बदलतो.

यावर कारखानदारांनी एक तोड काढली आहे. कोकोचे लोणी काढून त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घालायची. यालाच 'कंपाउंड' चॉकलेट म्हणतात. ते स्वस्त पडते, उष्णता अधिक सोसते, साच्यात चटकन बसते. जिभेवर मात्र मेणासारखे रेंगाळते. थंड हवेच्या ठिकाणी 'होममेड' म्हणून जी चॉकलेटे विकतात, त्यांतली बहुतेक अशा तयार लाद्या वितळवून साच्यात ओतलेली असतात. या लाद्या करणारे कारखाने आपल्या राज्यातही आहेत. पुणे जिल्ह्यात मंचरला मोर्डे या मराठी नावाचा कारखाना आहे, आणि बेकरीवाल्यांत ते नाव सर्वांना ठाऊक असते. लाद्या वापरण्यात पाप नाही. आपणही पापड विकत आणून तळतोच. पण तळून झाल्यावर 'मी लाटले' असे म्हणू नये, इतकेच.

लोणावळ्याविषयी थोडक्यात सांगते. मागच्या वर्षी सहलीत तिथे अर्धा तास गाडी थांबली होती. कूपरच्या दुकानातला चॉकलेट फज फार नावाजलेला आहे. चव घेतल्यावर माझे मत असे झाले की फज म्हणजे चॉकलेटची बर्फीच, आणि ती उत्तम आहे. पण मला अधिक भावली ती शेजारची चिक्की. गूळ आणि शेंगदाणे. त्यात काय आहे ते डोळ्यांना दिसते, कोणाला विचारावे लागत नाही.

या सगळ्यांत माझ्या पट्टीवर सर्वांत वर उतरले ते आपल्या शेजारच्या वर्ध्याचे गोरस भांडार. तिथे ना काचेची कपाटे झगमगतात, ना कोणी 'मॅडम' म्हणते. गाईचे दूध आणि गाईच्या तुपातला गोरसपाक मिळतो. कणीक, तूप, साखर यांचा हा खुसखुशीत पदार्थ ज्यांनी खाल्ला नसेल त्यांना बिस्किटाची उपमा देऊन समजावता येणार नाही. तो तोंडात धरला की आधी तूप कळते, मग भाजलेली कणीक. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. जमनालाल बजाज यांनी १९४१ साली वर्ध्याला गोसेवा संघाचे काम उभारले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९४२ मध्ये, त्यांचे निधन झाले. गोरस भांडार त्या परंपरेतले. गाय खेड्यात असते आणि दुधाचे गिऱ्हाईक शहरात असते, तेव्हा मधला रस्ता सरळ असावा, हा त्यामागचा विचार. आज किती जण हा विचार मनात ठेवून गोरसपाक घेतात ते सोडा, पण दुकानाच्या नावातच गाय आहे. एवढे तरी नागपूरच्या डब्याने संत्र्यासाठी करावे!

इथे कोणी म्हणेल, दुधाचे जमले, तुपाचे जमले, पण चॉकलेटच्या धंद्यात असे होणे अशक्य, कारण तो बड्या कंपन्यांचा खेळ. हे मात्र खरे नाही. कॅडबरी भारतात आली १९४८ साली, आणि पुढे कर्नाटक-केरळच्या नारळी-पोफळीच्या बागांत कोकोची लागवड सुरू झाली. शेतकऱ्यांनी झाडे लावली. १९८० च्या सुमारास भाव कोसळले आणि कोकोच्या बिया घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. (हे वाचताना आपल्या तालुक्यातल्या कोणालाही पुढचे वाक्य आधीच कळेल असे वाटते.) पण पुढचे वाक्य तसे झाले नाही. मंगळूरला सुपारी उत्पादकांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था १९७३ पासून होती. ती कोकोच्या खरेदीत उतरली, आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. तो आजही चालू आहे. ज्यांनी पिकवले त्यांच्याच संस्थेने चॉकलेट केले. अमूलचे काळे चॉकलेटही दूध उत्पादकांच्या संघाचेच आहे. वर्गणी काढून डबा घ्यायचाच असेल तर ते आमच्या आवाक्यातले आहे, आणि बेल्जियमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वड्यांपेक्षा बरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक उदाहरण हैदराबादचे. आपल्या तालुक्यातल्या वडकीवरून जो मोठा रस्ता जातो तोच पुढे हैदराबादला पोहोचतो. तिथे बंजारा हिल्स भागात २०२३ साली 'मनम' नावाचे दुकान निघाले. आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी भागातील शेतकऱ्यांचा कोको ते वापरतात आणि ते उघडपणे सांगतात. माझा मामेभाऊ तिकडे कामाला आहे, त्याने एक वडी आणली होती. कोकोच्या फळातून निघालेल्या बिया काही दिवस आंबवाव्या लागतात, मग उन्हात वाळवतात, भाजतात, टरफल काढून दळतात. आंबवणे नीट झाले तर चॉकलेटला फळासारखी आंबूस चव येते. त्या वडीला ती होती. म्हणजे चवीची निम्मी करामत कारखान्यात नव्हे, शेतकऱ्याच्या खळ्यावर होते. हे कळल्यापासून चॉकलेट बनवणाऱ्यालाच सारे श्रेय द्यायला माझे मन तयार होत नाही.

नागपूरहून आणलेली ती ३५० रुपयांची वडी घरी उघडली तेव्हा सगळे गोळा झाले होते. आईने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे तं कडू हाय वं. साखर टाकाची राह्यली का?" बाबांनी किंमत विचारली. आमच्या शिवारात कापूस वेचाईचा दर या हंगामात किलोला दहा रुपये होता. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एवढेच म्हणाले, "पस्तीस किलो वेचाई." आई रोजाने दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जाते. पस्तीस किलो म्हणजे तिचा सकाळपासून दुपार कलेपर्यंतचा वेळ. मला ती वडी मग गोड लागणे शक्यच नव्हते, ती तशीही सत्तर टक्के कडूच होती. पण मी ती फेकली नाही. रोज एक तुकडा असे करून आठ दिवस खाल्ली, आणि आठव्या दिवशी मला तिची चव आवडू लागली होती. महाग वस्तूची चव कळायला महाग वस्तू परत परत खावी लागते, हीसुद्धा एक विषमताच नव्हे काय?

जगातला सुमारे साठ टक्के कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथले कित्येक शेतकरी असे आहेत की ज्यांनी चॉकलेट कधी चाखलेच नाही. २०२४ साली रोगराई आणि लहरी पावसामुळे पीक बुडाले आणि डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. पण त्या देशांत शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवून टाकते, त्यामुळे या तेजीतला थोडाच वाटा त्यांच्या हाती पडला. आपल्याकडे २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. त्या वेळी ज्यांच्या घरात कापूस शिल्लक होता असे लहान शेतकरी किती होते, हे प्रत्येकाने आपापल्या गल्लीत आठवून पाहावे. आमचा तर दिवाळीच्या आधीच गेला होता, दुकानदाराची उधारी होती. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच्या आदल्याच महिन्यात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले होते. पहिल्या बातमीने वर्गातली मंडळी खूश झाली. दुसरी बातमी वर्गात फारशी कोणी वाचलेली नव्हती, पण घरी सगळ्यांना ठाऊक होती.

कॅम्पकोची गोष्ट वाचून मी बाबांना म्हणाले, कापसाचे असे का नाही झाले? बाबा हसले. राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, सहकारी सूतगिरण्या निघाल्या, भूमिपूजने झाली, फलक लागले. त्यांतल्या विदर्भातल्या किती तरी गिरण्यांना आज कुलूप आहे. सहकार वाईट म्हणून हे झाले असे मी मानत नाही. पुत्तूरला सहकारच आहे. फरक असा दिसतो की तिथे पिकवणारा आपल्या वस्तूला शेवटपर्यंत, वेष्टनात गुंडाळली जाईपर्यंत, सोडत नाही. आम्ही जिनिंगच्या फाटकात वजन झाले की मोकळे होतो. अर्थशास्त्राच्या सरांनी याची आणखी कारणे सांगितली आहेत आणि ती खरीही असतील, पण मला हे कारण मोठे वाटते.

सीसीआयच्या केंद्रावर कापूस नेला की ओलाव्याचे यंत्र खुपसतात. बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. चॉकलेटच्या वेष्टनावर सत्तर टक्के कोको असे मिरवून छापतात, आमच्या मालावरचा टक्का मात्र फक्त नाकारण्यासाठी मोजला जातो. सरकारने भारतीय कापसाला 'कस्तुरी' असे सुगंधी नाव दिले आहे आणि त्या नावाच्या गाठींवर क्यूआर कोड लावण्याची योजना आहे, म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला मालाचा माग काढता यावा. योजना चांगली आहे. पण तो माग गाठीपासून सुरू होतो. गाठ बांधण्याआधी पन्नास घरांचा कापूस एकाच ढिगात पडलेला असतो, आणि त्या ढिगात आमचा कोणता ते बाबांनाही सांगता येत नाही.